पाहिलं की ऐकलं?

बातमी आली तेव्हा मी लॅबमध्ये स्वॅबच्या नळ्यांवरची लेबलं तपासत होते. हातात ग्लोव्हज, त्यामुळे फोन उचलता येईना, पण स्क्रीनवर आमच्या सिडनीच्या मराठी ग्रुपचा मेसेज झळकला. 'आपले लाडके कर्नलसाहेब गेले. भावपूर्ण श्रद्धांजली.' त्याखाली जोडलेल्या हातांची रांग. आणि माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल, तर रडू नाही, काकांचाच प्रश्न आला... पाहिलं की ऐकलं? मेसेज पाठवणारे गृहस्थ दूर स्कोफिल्ड्सला राहतात, लॉकडाऊनमध्ये ते काकांच्या हॉस्पिटलच्या आसपासही फिरकलेले नसणार. म्हणजे ऐकलं. म्हणजे अजून काही खरं नाही. त्या एका विचारावर मी उरलेली शिफ्ट रेटली. बाहेर पडून काकांच्या मुलीला, वैदेहीताईला, फोन लावला. ती म्हणाली, "शिल्पा, मी शेवटपर्यंत जवळ होते गं. हात हातात होता." तिने पाहिलं होतं. मग मात्र मी कार पार्कमध्ये गाडीत बसून भोकाड पसरलं.

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. मधल्या काळात आमच्या मंडळाने झूमवर शोकसभा घेतली आणि तिथे काकांबद्दल जे जे ऐकलं, त्याने मी थक्क झाले. एकाने सांगितलं, काकांनी वेषांतर करून शत्रूच्या छावणीत जेवण वाढलं होतं. दुसऱ्याने त्यांना सात भाषा बहाल केल्या. तिसऱ्याच्या मते युद्ध कधी सुरू होणार हे म्हणे पंतप्रधानांच्या आधी त्यांना ठाऊक होतं. काका असते तर त्यांनी प्रत्येकाला हात वर करायला लावून एकच प्रश्न विचारला असता आणि सभा पाच मिनिटांत संपली असती. मला तिथे बोलायला सांगितलं तेव्हा मी कॅमेराच बंद केला. म्हणून हे लिहिते आहे. यातलं ऐकीव असेल तिथे तसं सांगेन, बाकी सगळं मी पाहिलेलं आहे.

यशवंत देवस्थळी हे त्यांचं नाव. सिडनीच्या गिरावीन उपनगरात आमच्या मागच्या घरात ते मुलीकडे राहत. एकाहत्तरच्या युद्धात पूर्व आघाडीवरच्या एका विभागात शत्रूची खबर गोळा करणाऱ्या पथकांचे ते प्रमुख होते, आणि पुढे सैन्य सोडून, केस पांढरे व्हायला लागल्यावर कायदा शिकून, पुण्याच्या कोर्टात त्यांनी उतारवयापर्यंत वकिली केली. हे ऐकलेलं, पण वैदेहीताईकडून, म्हणजे भरवशाचं. सगळे त्यांना कर्नल म्हणत, ते त्यांना मुळीच आवडत नसे. "वकील म्हणा," ते सांगायचे, "कर्नल मला सरकारने केलं. वकील मी स्वतः झालो." मी आपली काका म्हणायचे. आमच्या आणि त्यांच्या अंगणामधल्या लाकडी कुंपणाची एक फळी कधीतरी निखळली होती. ती बसवायची ठरवून दोन्ही घरांनी कधीच बसवली नाही. त्या फटीच्या पलीकडे, कढीपत्त्याच्या झाडाजवळ, घराच्या भिंतीला पाठ टेकून काकांची पांढरी प्लॅस्टिकची खुर्ची असायची. पाठीमागे भिंत असल्याशिवाय ते कुठेही बसत नसत. हॉटेलातसुद्धा कोपऱ्यातलं टेबल मिळेपर्यंत उभे राहायचे आणि वैदेहीताईचा जीव अर्धा व्हायचा.

त्यांच्याकडे काहीही सांगायला गेलात, की आधी तो प्रश्न यायचा. "पाहिलं की ऐकलं?" त्याचं उत्तर दिल्याशिवाय पुढचं वाक्य बोलायची सोय नव्हती. वैदेहीताई सांगते, युद्धात त्यांच्याकडे खबर घेऊन येणाऱ्या प्रत्येक माणसाला ही शिस्त होती, आणि पुढे कोर्टात उभ्या राहणाऱ्या प्रत्येक साक्षीदारालाही. सांगून झालं, की ते मान हलवून म्हणायचे, "नोंद घेतली." तेवढं म्हटल्यावर मग गप्पा, चहा, चेष्टा. आमच्या निखिलने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, महामारीच्या सुरुवातीला सुपरमार्केटमधून धापा टाकत येऊन कुंपणावरूनच जाहीर केलं होतं, "काका, टॉयलेट पेपर संपलाय सगळीकडे!"

"पाहिलं की ऐकलं?"

"स्वतः पाहिलं. अख्खं शेल्फ रिकामं!"

"नोंद घेतली," काका शांतपणे म्हणाले. "आपल्याकडे लोटा आहे. नो वरीज."

हे 'नो वरीज' त्यांनी इथे येऊन उचललं होतं आणि ते अगदी निकाल वाचून दाखवावा तशा गंभीर चेहऱ्याने म्हणायचे. माझ्या कामाचं मात्र त्यांना फार अप्रूप. नळीवरचं नाव आणि कागदावरचं नाव जुळलं नाही तर आम्ही तो नमुना घेतच नाही, हे कळल्यावर ते खूश झाले. "तू माझ्याच जातकुळीची निघालीस," म्हणाले. त्या दिवसापासून मला थालीपीठ मिळायला लागलं, फटीतून, डब्यासकट.

आता आमच्या घरातल्या गोष्टीकडे यावं लागेल, कारण काका मला खरे कळले ते त्या गोष्टीत. आमची रेवा चार वर्षांची होती तेव्हा माझे आई-बाबा इथे आले होते. परत जाताना आई म्हणाली, "तुमच्या दोघांच्या शिफ्टमध्ये पोरीची फरफट होतेय. नेते मी नाशिकला दोन-तीन महिने. मराठी तरी नीट होईल तिचं." इथली कितीतरी घरं हे करतात, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. आम्हीही हसत हसत तिची बॅग भरली. ती गेली आणि काही आठवड्यांत सीमा बंद झाल्या. कुणी आत यायचं नाही, परवानगीशिवाय कुणी बाहेर जायचं नाही. आई-बाबांना इथे येता येईना, लहान मुलीला एकटीला विमान घेईना, आणि आमच्यापैकी कुणी गेलं तर परत कधी येईल याचा नेम नाही. दोन-तीन महिन्यांचं वर्ष उलटून गेलं. लेक फोनच्या काचेत वाढत होती. आधी तिचे पुढचे दात पडले, मग ती 'मम्मा' सोडून 'आई' म्हणायला लागली, मग कधी कधी खेळ सोडून फोनवर यायलाही तयार होईना. माझी मुलगी मला परत मिळेल की नाही, आणि मिळाली तर ती मला ओळखेल की नाही, याखेरीज त्या काळात मला दुसरा विषय नव्हता. निखिल आणि मी रोज ठरवायचो की जायचं, आणि रोज घाबरून मोडायचो.

सकाळची शिफ्ट संपवून मी दुपारी घरी यायचे, नाशिकला तेव्हा सकाळ असायची. व्हिडिओ कॉल झाला, की मी कुंपणापाशी जाऊन काकांना अहवाल द्यायचे. अहवालच म्हणायचा तो. त्यावरूनच एकदा आमचं वाजलं होतं. "पाहिलं की ऐकलं?" त्यांनी विचारलं आणि मी म्हटलं, "पाहिलं ना, व्हिडिओवर." ते म्हणाले, "ते पाहिलं नव्हे. ते दाखवलं. दाखवलेलं तिसऱ्या खणात ठेवायचं, खरंखोटं ठरेपर्यंत." मला असा राग आला... पोरीचं तोंड बघायला तडफडणाऱ्या आईला हे खण शिकवतात! मी दोन दिवस कुंपणाकडे फिरकले नाही. तिसऱ्या दिवशी फटीतून डबा आला आणि आमचं पुन्हा सुरू झालं.

मग भारतात ती भयंकर दुसरी लाट आली. बातम्या बघवत नव्हत्या, पण नाशिकच्या घरी सगळं छान होतं. बाबा म्हणायचे ठीक आहे, रेवा हसायची, कॉल संपायचा. त्या दिवशीही मी मोठ्या उत्साहाने सांगत होते.

"रेवा मजेत आहे काका. पोहे खात होती."

"कशात?"

"म्हणजे? ताटलीत."

"कसली ताटली?"

मी आठवून पाहिलं. "काचेची. निळ्या फुलांची."

"तुझ्या आईकडे काचेच्या ताटल्या आहेत?"

नव्हत्या. घरात लहान मूल असताना आई काचेचा पेलासुद्धा वर ठेवून देते. मी म्हटलं, "नवीन घेतल्या असतील."

"सगळी दुकानं बंद असताना?" काका खुर्चीत थोडे पुढे सरकले. "तिच्या वेण्या होत्या?"

नव्हत्या. मोकळ्या केसांवर हेअरबँड होता. कालही. परवाही. आणि आई वेणी न घालता पोरीला दारातसुद्धा उभी करत नाही.

"आईशी बोललीस?"

"आई आंघोळीला गेली होती."

"काल?"

"काल... पूजा करत होती."

"परवा?"

मी बोटांवर दिवस मोजायला लागले. काकांचा आवाज एकदम मऊ झाला. "शिल्पा, पोर ठणठणीत आहे. खाते आहे, हसते आहे. पण ती तुझ्या आईच्या घरात नाही. तुला दाखवतायत बेटा."

फटीच्या कडेला धरून मी खाली गवतात बसले. काकांनी तेवढ्यात खिशातून फोन काढला होता. नाशिकला त्यांचा एक जुना ज्युनिअर होता, गायधनी नावाचा, आता स्वतः आजोबा झालेला वकील. काकांनी त्याला माझ्या माहेरचा पत्ता सांगितला आणि एवढंच म्हणाले, "मास्क लावून गेटपाशी उभा राहा. काय दिसतं ते सांग." तासाभरात फोन आला. काकांनी तो स्पीकरवर टाकला.

"सर, पाहिलं ते आधी सांगतो," गायधनी म्हणाले. "मुलगी शेजारच्या जोशीबाईंकडे आहे. अंगणात दोरीवरच्या उड्या मारत होती. आजोबा घरी आहेत, खिडकीत आले, माझ्याशी बोलले. खोकला आहे, पण स्वतःच्या पायावर उभे होते. आता ऐकलं ते. आजी हॉस्पिटलमध्ये आहेत, ऑक्सिजन लावलाय. हे आजोबांनी सांगितलं. सिडनीतल्या लेकीला कळवू नका म्हणत होते."

"आजींना पाहून ये," काका सवयीने म्हणाले.

"सर... कोविड वॉर्ड आहे."

काकांनी फोन खुर्चीच्या हातावर ठेवला. कुंपणावर मॅगपाय पक्षी ओरडत होते. मग ते म्हणाले, "माझं चुकलं, गायधनी. ऐकलेलं चालेल. नोंद घेतली." त्यांना ऐकीव गोष्टीला हो म्हणताना मी तेवढं एकदाच पाहिलं.

मी त्या दिवशी बाबांना फोन करून नको नको ते बोलले. ते रडले, मी रडले. आपल्याकडे ही रीतच आहे, दूरच्या माणसाला वाईट कळवायचं नाही, सगळं पार पडलं की मग सांगायचं. मायेनेच करतात, पण त्या मायेने माझा जीव गेला असता. फोन ठेवल्यावर निखिल म्हणाला, "तू जा. इथलं मी बघतो. परत यायला सहा महिने लागले तरी लागू देत." वर्षभर न सुटलेलं कोडं एका वाक्यात सुटलं, कारण आता आम्हांला खरं काय आहे ते माहीत होतं.

बाहेर जायच्या परवानगीचा अर्ज काकांनी फटीपलीकडून करून घेतला. मी लिहिलेला पहिला मसुदा वाचून त्यांनी चष्मा काढला. "यात तू रडली आहेस," म्हणाले. "अधिकाऱ्याला रोज शंभर जण रडून दाखवतात. तू पाहिलेलं लिही. मूल ऑस्ट्रेलियन नागरिक, वय पाच. सांभाळणारे दोघेही आजारी. मूल शेजाऱ्यांकडे. पाहणाऱ्या वकिलाचं नाव. संपलं." मी म्हटलं, "काका, इतकं कोरडं?" ते म्हणाले, "कोरडंच पेट घेतं." अर्ज अर्ध्या पानाचा झाला आणि मंजूर झाला.

निघायच्या आदल्या दुपारी मी त्यांना विचारलं, "ताटलीवरून तुम्हांला कसं कळलं?" तोवर युद्धाबद्दल ते कधी बोलले नव्हते, कुणी विचारलं तर "फार चाललो" एवढंच सांगायचे. त्या दिवशी मात्र ते बराच वेळ कढीपत्त्याची पानं तोडत राहिले आणि मग बोलले. "माझ्या माणसांनी नदीकाठच्या छावणीत चुली पेटलेल्या पाहिल्या. रोज संध्याकाळी धूर. मी वर कळवलं, शत्रू तिथेच आहे. चुली होत्या गं... माणसं नदी ओलांडून गेली होती. चुली पेटवायला दोन-चार जण मागे ठेवले होते. आम्ही पाहिलं नव्हतं, आम्हांला दाखवलं होतं. आमची पोरं चुकीच्या काठावर थांबली आणि दुसऱ्या काठावरची एकटी पडून मारली गेली." मग ते म्हणाले, "मी वकील झालो तो त्या पोरांच्या घरच्यांसाठी. त्यांच्या पेन्शनच्या केसेस मी शेवटपर्यंत चालवल्या. पहिली केस जिंकलो तेव्हा एका आईने माझ्या तोंडावरून हात फिरवला. मी कोण ते तिला ठाऊक होतं. मीच सांगितलं होतं."

या वेळी मीच म्हटलं, "नोंद घेतली, काका." ते हसले. इतकं स्वच्छ हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. लोक त्यांना हेर म्हणतात, युद्धवीर म्हणतात, म्हणोत बापडे. माझ्या मते तो माणूस एका चुकीचा धूर आयुष्यभर डोळ्यांत घेऊन जगला आणि त्या डोळ्यांनी दुसऱ्यांसाठी नीट बघत राहिला. यापेक्षा मोठं शौर्य मला माहीत नाही.

नाशिकला पोचले तेव्हा आई घरी आली होती, निम्मी झालेली, पण आली होती. रेवा जोशीबाईंच्या पदराआडून माझ्याकडे बघत राहिली. मी हात पुढे केले नाहीत. जमिनीवर बसून राहिले. बऱ्याच वेळाने ती आली, माझ्या गालाला बोट लावून बघितलं आणि म्हणाली, "तू फोनमध्ये बारीक दिसतेस." मी तिला उराशी धरलं ते विमानातसुद्धा सोडलं नाही. परतीचं विमान ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला डार्विनला, तिथे क्वारंटाइन, मग सिडनी. आम्ही घरात पाऊल टाकलं तर इथे लॉकडाऊन लागलेला. काकांना भेटायला जायला बंदी, पण फटीला कुणाची बंदी?

वर्षभरात काकांना पार विसरलेल्या रेवाने फटीला डोळा लावून विचारलं, "तुम्ही कोण?"

"मी तुझ्या आईचा वकील."

"मी विमानातून आले. ढग होते खाली."

"पाहिले की ऐकले?"

"अहो, ढग ऐकतात का कधी? पाहिले!"

काका खुर्चीत मागे रेलून खो खो हसले. "साक्षीदार पक्का आहे, शिल्पा." पक्की नाशिककर होऊन आलेली ही मुलगी त्यांना फारच आवडली. इथल्या बाकीच्या पोरांना मराठीत विचारलं तर इंग्रजीत उत्तर येतं, ही एका प्रश्नाला मराठीत दहा उत्तरं द्यायची. मग रोज दुपारी तिची ड्युटी सुरू झाली. फटीसमोर ताठ उभं राहायचं, हात मागे बांधायचे, पाहिलं ते आधी सांगायचं. कचऱ्याची गाडी आली. शेजारचं मांजर छपरावर आहे. बाबाने मीटिंगमध्ये चड्डी घातली होती, वरती शर्ट. पलीकडून 'नोंद घेतली' आलं, की पळत सुटायचं. ते आल्याशिवाय ती जागची हलत नसे.

ऑगस्टमध्ये एका सकाळी काकांच्या छातीत दुखलं. मी कामावर होते. अ‍ॅम्ब्युलन्स आली तीही मी पाहिली नाही. हॉस्पिटलात एकट्या वैदेहीताईला आत सोडलं. अंत्यसंस्काराला घरच्या मोजक्या माणसांनाच परवानगी होती, बाकीच्यांना लिंक. मी आणि निखिल स्वयंपाकघरात लॅपटॉपसमोर उभे राहिलो. चित्र अडकत होतं, आवाज मागून येत होता. रेवा खुर्चीवर चढून बघत होती. संपल्यावर तिने विचारलं, "आई, आजोबा गेले ते तू पाहिलंस?"

"नाही गं."

"मग दाखवलं," ती म्हणाली. कुठल्या खणात ठेवायचं ते तिला माझ्याआधी कळलं होतं.

त्यानंतर मी मागच्या अंगणात जाईनाशी झाले. कपडे घरातच वाळत घालायचे. कारणं मी छान देत होते, थंडी आहे, शिफ्ट आहे. खरं कारण एवढंच, की जोवर मी पाहत नाही तोवर काका तिसऱ्या खणात होते आणि तिथून माणूस परत येऊ शकतो. मोठ्या हुशार बाईने स्वतःलाच चुली दाखवून फसवावं, तसं. वैदेहीताई फोनवर म्हणाली होती, बाबांची खुर्ची मला हलववत नाही, आहे तिथेच आहे. मी ते ऐकून घेतलं आणि विषय बदलला.

गेल्या रविवारी रेवा मला शोधत आत आली. माझं बोट धरलं आणि काही न बोलता अंगणात घेऊन गेली. ऊन चांगलं होतं. तिने फटीला डोळा लावला, बराच वेळ लावून ठेवला. मग वळली, माझ्यासमोर ताठ उभी राहिली आणि हात मागे बांधले.

"पाहिलं ते सांगते," ती म्हणाली. "खुर्ची आहे. खुर्चीवर आजोबांची कानटोपी आहे. आजोबा नाहीत."

आणि ती तशीच उभी राहिली. हलेना. ती कशासाठी थांबली आहे ते मला समजत होतं. मी वाकले, फटीला डोळा लावला. कढीपत्त्याला नवी पालवी फुटली होती. भिंतीला पाठ टेकून खुर्ची होती, तिच्यावर तपकिरी कानटोपी होती. मी नीट पाहिलं.

मग सरळ उभी राहून मी माझ्या लेकीला म्हटलं, "नोंद घेतली."